प्रत्येक म्हणीमागे एक पेशवा

पाबळ हे गाव नाही, उत्तर आहे. पर्याय क.

सकाळी साडेसहाला, चहाचं आधण चढायच्या आत, मोबाईल थरथरतो. ‘शुभ सकाळ. आजचा प्रश्न. मस्तानीची कबर कोठे आहे? अ) पुणे ब) सातारा क) पाबळ ड) रावेरखेडी.’ यातलं रावेरखेडी म्हणजे मुद्दाम लावलेला सापळा. नर्मदेकाठच्या त्या गावी २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव गेले. अर्धवट पाठांतराचा गडी तिथे हटकून अडकतो. बाकीचे सात वाजेपर्यंत ‘क’, ‘क’, ‘क’ असे कावळ्यासारखे ओरडून घेतात. सातला गटाचा ॲडमिन अंगठा दाखवतो. विषय संपला. शाळा, कांद्याच्या वखारी, पद्ममणी जैन तीर्थ, एकीकडे राजगुरुनगरला आणि दुसरीकडे शिक्रापूरला जाणारे रस्ते असं सगळं असलेलं शिरूर तालुक्यातलं अख्खं गाव एका अक्षरात आटोपतं.

पाबळच्या माणसाला पुण्यात कुणी गाव विचारलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं. “म्हणजे मस्तानीचं पाबळ का?” तो मान डोलावतो. लगेच उपप्रश्न येतो. “काय हो, तिच्या गळ्यातून पानाचा लाल रस उतरताना दिसायचा म्हणतात, ते खरं का?” जसा काही हा बिचारा तेव्हा पिकदाणी धरून शेजारीच उभा होता.

मस्तानीबद्दल आपल्याला एकूण तीन गोष्टी माहीत असतात. गळ्यातून रस दिसायचा. तिच्या नावाचं आइस्क्रीम घातलेलं घट्ट दूध पुण्यात मिळतं. आणि २०१५ च्या डिसेंबरात तिच्यावर सिनेमा आला. छत्रसालाची ही लेक, १७२९ मध्ये बाजीराव मोगल सरदार बंगशाविरुद्ध बुंदेलखंडात धावून गेले त्यानंतर इकडे आली. पाबळ, केंदूर, लोणी ही गावं तिच्याकडे होती. तिचा मुलगा समशेर बहादूर पानिपतावर लढला आणि तिथल्या जखमांनी गेला. त्याच्याच वंशातला बांद्याचा नवाब १८५७ मध्ये इंग्रजांविरुद्ध उभा राहिला. पाबळपासून बांद्यापर्यंत, पानिपतपासून सत्तावनपर्यंत जाणारी एवढी लांब वाट, पण ‘आजचा प्रश्न’ तिच्या पहिल्याच दगडावर बसकण मारतो. कबर कुठे? पाबळ. उठा आता, दूध आणायचंय.

ती गेली कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. बाजीरावांच्या पाठोपाठ त्याच वर्षी गेली, इतकं पक्कं. पुढे कुणी विष म्हणतं, कुणी सती, कुणी धसका. इतिहासकारांचं एकमत नाही आणि एकमत नसलेल्या गोष्टीचा प्रश्न काढता येत नाही. पर्याय चारच हवेत, त्यातला बरोबर एकच हवा आणि तो सात वाजायच्या आत कळला पाहिजे. ज्या प्रश्नावर माणसं तीनशे वर्षं भांडत राहतील, तो सामान्य ज्ञानात बसत नाही. तो असामान्य अज्ञानात जातो आणि त्या खात्यात महाराष्ट्रात अजून भरती निघालेली नाही.

भरतीचं नाव काढलंच आहे तर सांगतो. या रोजच्या प्रश्नांना दोन आयांनी वाढवलं. एक जिल्हा परिषदेच्या शाळेतला परिपाठ, दुसरी स्पर्धा परीक्षा. परिपाठात प्रार्थना होते, प्रतिज्ञा होते, मग एक मुलगी पुढे येऊन दिनविशेष सांगते, दुसरा मुलगा सुविचार ठोकतो, तिसरा सामान्य ज्ञानाचा प्रश्न विचारतो आणि पाठीमागच्या रांगेतून एकसुरात उत्तर येतं. हे उत्तर परवाही तेच होतं. प्रश्नवहीची पानं संपली की पुन्हा पहिल्या पानावर यायचं असतं. मोठं होऊन हीच पोरं पुण्याच्या पेठांत कॉट भाड्याने घेऊन तीच वही जाडजूड करतात. नोकरी मिळाली तर वही सुटते. नाही मिळाली तर गावी येऊन गटाचे ॲडमिन होतात. मग निवृत्त गुरुजी, सलूनवाले मामा, दूध संकलनावरचा पोऱ्या आणि तिकडे भोसरीत नोकरी करणारा गावचा जावई असे सगळे रोज सकाळी त्या परिपाठाला उभे.

यात वाईट काही नाही. पहाटे पहाटे राजकारण आणि रेशमी गुलाबाची फुलं वाटण्यापेक्षा प्रश्न वाटलेला बरा. तक्रार आहे ती आठवड्यातून एकदा येणाऱ्या खास कार्यक्रमाबद्दल. ‘ओळखीची म्हण, अनोळखी उगम!’ उद्गारचिन्हं त्यांची, तीही प्रत्यक्षात तीन होती. दोन मी कापली.

गेल्या संक्रांतीला या कार्यक्रमात आलेला उगम असा: ‘संक्रांत कोसळली असे आपण का म्हणतो? कारण १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी, पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला. तेव्हापासून ही म्हण पडली.’ खाली हात जोडलेले, भगवा झेंडा, डोळ्यात पाणी. वाचणाऱ्याच्या अंगावर काटा यावा अशी सगळी सोय. पानिपतची लढाई १४ जानेवारीलाच झाली, विश्वासराव त्याच दिवशी पडले, ‘विश्वास गेला तो पानिपतात’ हा टोमणाही मराठी माणूस तेव्हापासून उधारी मागणाऱ्याच्या तोंडावर मारत आलाय. सगळं खरं. फक्त त्या दिवशी संक्रांत नव्हती.

हे कळायला पंचांगकर्ता असावं लागत नाही. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकरसंक्रांतीचा आणि तारीख १२ जानेवारी १८६३. राष्ट्रीय युवा दिन म्हणून ती तारीख याच गटावर दर वर्षी ‘आजचा प्रश्न’ होऊन येते. म्हणजे १८६३ मध्ये संक्रांत १२ तारखेला होती. आता ती १४-१५ ला येते. आपलं निरयन वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा काही मिनिटांनी मोठं आहे, म्हणून संक्रांत साधारण सत्तर वर्षांत एकेक दिवस पुढे सरकते. पुढे सरकते, तर मागे गेल्यावर ती कुठे सापडेल? विवेकानंदांच्या आधी शंभर वर्षं जा, १० जानेवारीच्या आसपास येईल. पानिपतावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरले तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. उपाशी फौजेला तिळगूळ कुणी दिला असेल असं नाही, पण पंचांगाने आपलं काम केलं होतं.

शिवाय त्या म्हणीला पानिपतची गरज कुठे आहे? आपल्या घरोघरच्या पंचांगात संक्रांत ही देवी आहे. संकरासुराला तिने मारलं, दुसऱ्या दिवशी किंकरासुराला. दर वर्षी तिचं वाहन बदलतं, वस्त्र बदलतं, ती कुठून आली, कुठे चालली, कुठल्या दिशेला बघतेय हे पंचांगात छापून येतं आणि ती ज्याच्याकडे बघते त्याचं काही खरं नसतं. ‘यंदा पिवळ्यावर आहे, पिवळी साडी नेसू नका गं,’ हा निरोप पुणे जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जानेवारीत टपालापेक्षा लवकर पोचतो. एवढी जिवंत, डोळे वटारलेली देवी समोर असताना तिच्या नावाचा शाप समजायला अब्दाली कशाला आणायचा हरियाणातून?

हे गटावर लिहिलं तर काय होतं? प्रथम शांतता. मग एकजण ‘इतिहासाचा अपमान’ लिहितो. दुसरा विचारतो, ‘विवेकानंदांवर का घसरता?’ तिसरा पेशवाईवर घसरतो. चौथा ‘कृपया गटाची शिस्त पाळा’ म्हणतो आणि त्याच दमात सूर्यफुलाच्या तेलाची जाहिरात टाकतो. गणित मात्र कुणी करून बघत नाही. करणार कसं, उत्तराला पर्याय दिले नव्हते ना.

पुढचा आठवडा ‘ध चा मा’चा. हा तर हुकमी एक्का. ३० ऑगस्ट १७७३, शनिवारवाडा, गारदी, अठरा वर्षांचे नारायणराव, आणि आनंदीबाई कागदावर ‘धरावे’चं ‘मारावे’ करतायत. शेवटी ‘काका, मला वाचवा’. पौर्णिमेला वाड्यात अजून ऐकू येतं, हे जोडून. हा कागद कुणी पाहिला? प्रसंग एवढा गाजलेला, चौकशी रामशास्त्र्यांनी केलेली, पण ज्या कागदावर अख्खी म्हण उभी आहे तो दाखवा म्हटलं की सगळे छताकडे बघतात. आणि तो कागद असलाच तर मोडीत असणार. ‘एका अक्षराचा फरक! केवढी ती हुशारी!’ म्हणून टाळ्या पिटणाऱ्यांपैकी किती जणांनी मोडीतला ध आणि मोडीतला मा शेजारी शेजारी ठेवून पाहिलाय? मोडी शिकायला पुण्यात वर्ग भरतात. फी बेताची असते. पण तिथे गेलं तर रविवार जातो आणि उगम सांगायची मजाही जाते.

यात गंमत दादासाहेबांची आहे. १७५८ च्या स्वारीमुळे ‘अटकेपार झेंडा’ मिळाला, त्याचे मानकरी राघोबादादा. ‘ध चा मा’चं बोट जातं ते त्यांच्याच घराकडे. एका माणसाने मराठीला दोन वाक्प्रचार दिले, एक छाती फुगवायला, दुसरा कारकुनाला शिव्या द्यायला. पोरगं दहावी झालं की ‘अटकेपार झेंडा’, आणि सातबाऱ्यावर नाव चुकलं की ‘ध चा मा’. गटावर ही दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या दिवशी येतात, आणि माणूस एकच आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. कारण दरवेळी प्रश्न नवा असतो.

‘साडेतीन शहाण्यां’चं मात्र मी काही बोलणार नाही. सखारामबापू, नागपूरचे देवाजीपंत, निजामाकडचा विठ्ठल सुंदर हे तीन पूर्ण, आणि तलवार न चालवणारे नाना फडणवीस अर्धे. हा हिशेब लोकांनी फार छान केलाय. ज्याने उरलेल्या सगळ्यांना पुरून उरायचं, तोच अर्धा! मोजणारा नक्की तिरकस सदर लिहीत असणार.

तर मुद्दा. या सगळ्या उगमांत एक गोष्ट सारखी दिसते. म्हण कुठलीही असो, बाप पेशवाच लागतो. पेशवा नसेल तर सरदार, सरदार नसेल तर बिरबल, बिरबलही नसेल तर निदान इंग्रज कलेक्टर. कुणीतरी घोड्यावर बसलेला पाहिजे. मध्यंतरी ‘नानाची टांग’ विचारली गेली. तासाभरात गटावर चार नाना जमले. एक पुण्याचे, एक मुंबईचे, एक कानपूरचे आणि एक गटातलेच, जे हॉटेल चालवतात आणि ज्यांना त्या दिवशी दिवसभर फोन आले. चारांपैकी एकाही नानाच्या टांगेचा पुरावा नव्हता, पण तीन नाना इतिहासातले होते एवढ्यावर गट समाधानी.

आता याच वहीत कधीही न येणारी म्हण घ्या. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. रुपयाचे आणे सोळा. चार आणि बारा मिळून बरोबर सोळा. म्हणजे ज्या कुणी ही म्हण केली तिने (ती होती याबद्दल मला शंका नाही; मसाल्याचा खर्च पुरुषाला कधी कळत नाही) अख्खा रुपया मोडला आणि तोंडी हिशेबात पै चुकू दिली नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, नवे पैसे आले, पुढे आणा गेला. म्हण गेली नाही. कुठल्या सनातली, कुठल्या चुलीवरची, कुणाची कोंबडी, काही नाव नाही. घोडाही नाही. म्हणून प्रश्न नाही.

किंवा ‘दुष्काळात तेरावा महिना’. शिरूर-दौंडच्या कोरडवाहू पट्ट्यात ही म्हण कुणी शिकवत नाही, ती पाण्याच्या रांगेत उभं राहिल्यावर आपोआप येते. बारा चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ चं. अकरा दिवसांची उधारी साठत साठत साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालावा लागतो. कुठला महिना अधिक धरायचा याचाही नियम आहे: ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत येत नाही तो. म्हणजे संक्रांत यावी तरी पंचाईत आणि न यावी तरी. घरात धान्य भरलंय बारा महिन्यांचं. सालगड्याचं साल पाडव्याला बदलणार, तोवर महिने तेरा. त्यात हा धोंड्याचा महिना, जावई पाटावर बसणार, त्याला तेहेतीस अनारसे, वर दिवा, वर आहेर. चांगल्या सालातसुद्धा सासऱ्याला घाम फुटतो. दुष्काळात काय होत असेल?

काय होतं ते १९७२ ला दिसलं. त्या सालच्या पंचांगात वैशाख दोन होते. एक अधिक, एक निज. उन्हाळ्याचा कडक महिना दोनदा भोगायचा, आणि त्यानंतर पावसाने पाठ फिरवलेली. खडी फोडायला गेलेल्या, सुकडी खाल्लेल्या, लाल मिलोच्या भाकरीला नाव ठेवत ती गिळलेल्या माणसांच्या तोंडी ‘दुष्काळात तेरावा महिना’ हा अलंकार नव्हता, ती तक्रार होती. तारीख-वारासह, पंचांगात छापलेली. एवढा पक्का, एवढा जवळचा, गावातल्या ऐंशी वर्षांच्या आजीला विचारला तरी निघेल असा दाखला हाताशी असताना गटाला तो सुचत नाही. बाहत्तरच्या दुष्काळात नाव घ्यावं असा पेशवा कोण होता? फार तर मुकादम.

खरं तर हे काम आपल्याआधी नीट करणारी माणसं होऊन गेली. मॅनवॉरिंग नावाच्या मिशनऱ्याने १८९९ मध्ये मराठी म्हणींचं पुस्तक ऑक्सफर्डहून छापलं. त्याने विभाग पाडले ते शेती, जनावरं, खाणं, पैसा, नातीगोती असे. पेशव्यांसाठी वेगळा विभाग करावा असं त्याला वाटलं नाही. परक्याला जे दिसलं ते. पुढे दाते-कर्व्यांनी महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोशाचे दोन खंड काढले, पहिला १९४२ चा, दुसरा १९४७ चा. जग एकीकडे महायुद्ध लढतंय, देश स्वतंत्र होतोय आणि हे दोघे ‘डोक्यावर मिरे वाटणे’ कुठल्या पानावर घ्यायचं ते ठरवतायत. अशा लोकांना पद्मश्री द्यायला हवी होती, आपण त्यांना ग्रंथालयातल्या कपाटाचा खालचा कप्पा दिला. कोश उघडून उगम शोधायचा म्हणजे वाकावं लागतं. फॉरवर्ड करायला अंगठा पुरतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, यात निदान जीभ तरी स्वतःची होती.

कुणी म्हणेल, प्रश्नमंजुषेला इतकं का झोडपता? मुळीच झोडपत नाही. २०१९ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे ‘कौन बनेगा करोडपती’त एक कोटी जिंकल्या. शाळेत पोरांची खिचडी शिजवणाऱ्या बाई, महिना दीड हजार मानधन. शाळेतल्या चुलीपाशी केवढं ज्ञान बसलेलं असतं हे त्या दिवशी देशाने पाहिलं, टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी खिचडीच्या मानधनाचा विषय पुन्हा फायलीत गेला. चार पर्याय देऊन माणसाची हुशारी कळते. तिला काय विचारायला हवं होतं, ते कळत नाही.

आणि हे सगळं पाबळबद्दल बोलताना जास्तच टोचतं, कारण पाबळात दुसरं एक उत्तर १९८३ पासून उभं आहे. त्याचा प्रश्न मात्र कुणी काढत नाही. डॉ. श्रीनाथ कालबाग अमेरिकेतून पीएचडी होऊन आलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात चांगल्या जागेवर होते. ते सोडून पाबळला आले. मुद्दाम कोरडवाहू, मुद्दाम अडचणीचं गाव निवडलं आणि विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली पोरं घ्यायची, त्यांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज, प्रयोगशाळेतल्या चाचण्या हाताने करायला लावायच्या आणि ते करताना त्यामागचं विज्ञान शिकवायचं. वहीतून हाताकडे नाही, हाताकडून वहीकडे. शाळेतली पोरंसुद्धा गावाला सेवा देतात, कुणाची माती तपासतात, कुणाचा रक्तगट, कुणाचं मोडलेलं गेट जोडून देतात. ज्याला परीक्षेत नापास म्हणून घरी पाठवलं, त्याने जोडलेल्या गेटातून पास झालेले ये-जा करतात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेर फॅब लॅब काढायला सुरुवात केली, त्यातल्या अगदी पहिल्या लॅबपैकी एक पाबळला आली. बोस्टनहून निघालेली कल्पना शिक्रापूरच्या फाट्याने आत वळली!

हे गटावर टाकून पाहा. पहिला प्रतिसाद: ‘एमपीएससीला येतं का?’

आश्रमातली एक गोष्ट तर थेट म्हणीत बसणारी. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.’ पोहरा आता तिशीच्या आतल्या माणसाने पाहिलेला नसतो, आडावर लोखंडी जाळी टाकलेली असते आणि त्या जाळीवर कुणाची तरी गोधडी वाळत असते. पण म्हण चालू आहे. पूर्वी आडात आहे की नाही हे सांगायला पाणाड्या यायचा. अजूनही येतो. हातावर नारळ ठेवतो, उंबराची काटकी धरतो, नारळ उभा राहिला की ‘इथं मारा बोअर’ म्हणतो, पैसे घेतो आणि बोअर कोरडी गेली की फोन उचलत नाही. विज्ञान आश्रमाच्या पोरांनी जमिनीत वीजप्रवाह सोडून तिचा रोध मोजायचा, त्यावरून खाली कुठे ओल असेल याचा अंदाज बांधायचा, असं काम हाती घेतलं. पोहरा सोडायच्या आधी आडात बघणं. म्हणीचा अर्थ वहीत लिहून घेण्याऐवजी तिची परीक्षाच घेतली पोरांनी. याहून मोठा उगम काय सांगणार? पण यात पेशवा नाही, आणि रोध मोजायच्या यंत्राच्या गळ्यातून पानाचा रस उतरताना दिसत नाही.

पळसाला पानं तीन, हेही असंच. बांधावर जाऊन बघायचं असतं. एका देठाला तीन पानं, खेडला गेलात तरी तीन, दौंडला गेलात तरी तीन. ही म्हण करणाऱ्याने फक्त मान वर केली होती. गटावर मात्र मागे तिचा उगम आला: एका राजाच्या तीन राण्या होत्या म्हणे.

पाणी निघालंच आहे, तर गेल्या महिन्यातला किस्सा. गट कुठला ते विचारू नका, या पट्ट्यातल्या कुठल्याही गावचा धरा. केंदूर-पाबळच्या बाजूला कळमोडी धरणाचं पाणी यावं ही मागणी कित्येक निवडणुकांइतकी जुनी आहे. एका पोराने, बहुतेक उन्हाने डोकं तापल्यामुळे, ‘आजचा प्रश्न’ स्वतःच टाकला. ‘कळमोडीचे पाणी आपल्या शिवारात कधी येणार? अ) सर्वेक्षण झाल्यावर ब) फेरसर्वेक्षण झाल्यावर क) आचारसंहिता उठल्यावर ड) वरीलपैकी सर्व.’ इतका चांगला काढलेला बहुपर्यायी प्रश्न मी पाहिलेला नाही. पर्याय चार, चारही बरोबर, शंका घ्यायला जागा नाही.

ॲडमिनने तो तीन मिनिटांत काढून टाकला. सूचना आली: ‘हा गट फक्त सामान्य ज्ञानासाठी आहे. राजकीय पोस्ट टाकणाऱ्यास काढण्यात येईल.’

दुसऱ्या दिवशी साडेसहाला नेहमीसारखा मोबाईल थरथरला. ‘शुभ सकाळ. आजचा प्रश्न. आशियातील सर्वांत खोल गोड्या पाण्याचे सरोवर कोणते?’

टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्यांनीसुद्धा धडाधड लिहिलं: बैकल.